रवा नसलेले शंकरपाळे

आमचे शेजारी रशीदभाई गाळ चावून बघतात. आम्ही बायका पैठणला साड्या बघायला गेलो, की हे धरणाच्या काठावर. चिमूटभर गाळ दाताखाली, डोळे मिटलेले. करकरला तर वाहत्या पाण्याचा, लोण्यासारखा लागला तर शांत पाण्याचा. तेल शोधायच्या नोकरीत जन्मभर खडक तपासले, त्याची ही सवय.

मी नवी नवरी असताना हा प्रकार पाहिला आणि त्यांच्या बायकोला, जुबेदाभाभींना हळूच विचारलं, "डोहाळे तुम्हाला लागलेत की यांना?" तेव्हा मी फार हुशार होते. निदान सगळ्यांना तसं सांगत तरी होते.

रशीदभाईंचा सगळ्यांसाठी एकच प्रश्न: "पानी कैसा था?" दगड असो, जावई असो, तो कुठल्या पाण्यात घडला हे आधी पाहायचं.

माझ्या पहिल्या दिवाळीचे शंकरपाळेही त्यांनी डोळे मिटूनच चावले. बराच वेळ चावले.

"खोल, शांत तळं," ते म्हणाले. "तेल लई आहे भाभी, पण सोडत नाही."

मी महिनाभर अबोला धरला. मग न राहवून अर्थ विचारला. म्हणाले, तळाचं पाणी हललं नाही की मेलेलं शेवाळ सडत नाही. ते गाळात दबतं आणि लाखो वर्षांनी त्याचं तेल होतं. पण नुसत्या बारीक गाळाचा दगड चिवट. तडकत नाही, तेल आतच कोंडतं. अधूनमधून नदीनं रेताड पदर आणून टाकले असतील तरच तो फुटतो आणि तेलाला वाट मिळते.

"आणि रेतीच रेती आली तर?"

"मग पाणी खळाळतं होतं. शेवाळ टिकलंच नाही. तेल कुठलं?"

जुबेदाभाभींनी दुसऱ्या दिवशी वाटीभर रवा आणून दिला. "दगडाचं जाऊ दे. मैद्यात हा घाल." शंकरपाळे खुसखुशीत झाले. हा शोध माझाच, असं मी गल्लीभर सांगितलं. नातवंडांना अजून तसंच सांगते.

यंदा उन्हाळ्यात भाभी गेल्या. रशीदभाई रडले नाहीत, बोललेही नाहीत. नाशिकहून लेक शबाना रोज फोन करायची, हे "ठीक हूँ" म्हणून ठेवून द्यायचे. एक दिवस तिनं मला फोन केला. "काकू, अब्बा अम्मीचं नावसुद्धा काढू देत नाहीत. मी एकटीच किती दिवस बोलू? आता मीही फोन करायची नाही."

मी नुसत्या मैद्याचे शंकरपाळे केले आणि डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी एक चावला, डोळे मिटले.

"भाभी, रवा विसरलात."

"विसरले नाही. तेल लई आहे, पण सोडत नाही. कुणासारखं, ते तुम्ही सांगा."

ते चावत राहिले. मीही गप्प बसले, आणि हे माझ्याकडून सहसा घडत नाही. मग त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा शोधला आणि स्वतःहून शबानाला लावला.

"बेटा, तेरी अम्मी का रवे का डब्बा है ना... रोज खोल के देखता हूँ. हिलाया नै. उसकी उंगलियाँ हैं अभी तक, रवे पे."

 पलीकडून शबाना म्हणाली, "और बोलो, अब्बा." आणि ते बोलायला लागले.

रव्याला जाळी धरते, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पटकन एक शंकरपाळा तोंडात घातला. चिवट होता, बरं झालं.