मास्तरांची लाल गाडी

गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांचा एक हट्ट होता. शिकायला येणारा कॉलेजचा पोरगा असो की निवृत्त आजोबा, पहिल्या दिवशी रिव्हर्स! "पुढे काय, गाडी ढकलली तरी जाते," ते ठणकावून सांगायचे. "मागे घेऊन दाखवा, मग म्हणा ड्रायव्हर झालो!"

अशा माणसाने घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने स्पोर्ट्स कार बांधायला काढली. सांगाडा झाला, चाकं लागली, वर लालभडक पत्रा चढला. गाडी इतकी बुटकी, की आत बसायचं म्हणजे आधी जमिनीवर लोळण घ्यायची. उजेडाची खिडकी आतल्या बाजूला, म्हणून गाडीचं नाक मागच्या फळ्यांच्या भिंतीकडे आणि शेपूट दाराकडे. सगळं होतं, फक्त इंजिन नव्हतं. कित्येक वर्षं नव्हतं.

इकडे मास्तरांची बायको रस्त्याचे नियम शिकवायची ती स्वयंपाकघरात! मुलं ओट्याला टेकून फलक ओळखायची आणि 'थांबा' म्हणेपर्यंत दूध उतू जायचं. एक दिवस कुणीतरी कणकेच्या परातीत बसलं आणि बाईंचा संयम सुटला.

"अहो, पुरे झालं आता! येत्या रविवारी मी तुमची परीक्षा घेणार. तुम्ही सगळ्यांची घेता तीच. गाडी शेडमधून मागे घ्यायची, चौकाला वळसा, परत जागेवर. पास झालात तर शेड तुमची. नापास झालात तर गाडी भंगारात आणि शेडमध्ये माझा वर्ग!"

"अगं, डोळे मिटून!" मास्तर म्हणाले. पण तरुणपणापासून ज्या गाडीची स्वप्नं पाहिली ती भंगारात? त्या धास्तीत ती परीक्षा नीट ऐकायचीच राहिली. इतक्या जणांची घेतली होती, की आपल्याला कसली तयारी लागणार असंच त्यांना वाटलं.

इंजिनाची शोधाशोध सुरू झाली. मेव्हणा, म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, पाण्याच्या पंपाचं इंजिन घेऊन हजर! "भाऊजी, हे कधी बंदच पडत नाही."

सुरू केल्यावर कळलं, की खरंच बंद पडत नाही. शेवटी त्यावर ओली गोणी टाकून त्याचा श्वास कोंडावा लागला.

मग मास्तर मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रीने दोन इंजिनं पुढ्यात ठेवली. "हे तीनचाकी टेम्पोचं. दणकट आहे, सगळे गिअर आहेत, तुमच्या कामाचं आहे. आणि हे मोटारसायकलचं."

"टेम्पोचं? स्पोर्ट्स कारला? उद्या लोक मला सिलिंडर पोचवायला सांगतील!"

"तुमची मर्जी. पण ह्यात एक गोष्ट..."

मास्तरांनी हात वर करून त्याला गप्प केलं, कारण मोटारसायकलचं इंजिन सुरू झालं होतं. काय तो आवाज! मास्तरांनी डोळे मिटले. शिवाय इवलंसं, गाडीच्या पोटात अलगद मावणारं. "हेच!" ते म्हणाले. मिस्त्रीने खांदे उडवले आणि शनिवारपर्यंत ते बसवूनही दिलं.

रविवारी सगळे विद्यार्थी, मिस्त्री आणि मेव्हणा अंगणात जमले. बाई शिट्टी घेऊन उभ्या. मास्तर लोळून आत बसले. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू! टाळ्या!

"पहिला प्रश्न," बाई म्हणाल्या. "गाडी मागे घ्या."

मास्तरांनी गिअर टाकला. दुसरा टाकला. सगळे टाकून झाले. मग त्यांनी खिडकीतून हळूच मिस्त्रीला बोलावलं.

"रिव्हर्स कुठाय रे?"

"मोटारसायकलला रिव्हर्स कधी असतो, मास्तर?"

"मग सांगायचंस ना!"

"सांगतच होतो. तुम्ही डोळे मिटलेत."

"काय झालं?" बाहेरून बाई.

"इंजिन गरम होतंय!" मास्तर ओरडले आणि मेव्हण्याला खुणेने आत घेतलं. "हे बघ, माझी अब्रू तुझ्या हातात आहे. नाकाशी खाली वाक आणि ढकल. मी आवाज करतो."

मेव्हण्याने जोर लावला. मास्तरांना न्यूट्रल काही सापडेना, म्हणून गाडी पहिल्याच गिअरमध्ये, क्लच दाबून धरलेला आणि इंजिनाची नुसती डरकाळी! लाल शेपूट दाराबाहेर आलं. मुलांनी जल्लोष केला. बाईंच्या चेहऱ्यावरही कौतुक दिसलं. मास्तरांना गहिवरून आलं.

"मास्तर, मागे कुंडी!" कुणीतरी किंचाळलं.

आता एवढी वर्षं मास्तर बसले ते शिकणाऱ्याच्या शेजारी. तिथे त्यांच्यासाठी एक जादा ब्रेक असतो. धोका दिसला, की त्यांचे दोन्ही पाय आपोआप उचलून तिकडे जातात. त्याप्रमाणे ते गेले. तिथे ब्रेक नव्हता आणि इकडे क्लच सुटला.

गाडीने काय उडी घेतली म्हणता! मेव्हण्याने प्रसंगावधान राखून बॉनेटवर झेप घेतली. लाल गाडी शेडमधून सुसाट गेली, मागच्या भिंतीच्या फळ्या काडकाड मोडल्या आणि मास्तर पलीकडच्या मोकळ्या जागेत, उंच गवतात जाऊन थांबले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त मेव्हणा बॉनेटवर पालथा पडून म्हणत होता, "ताई, मी काहीच केलं नाही!"

बाई भगदाडातून आल्या.

"शेडमधून बाहेर तर आली," मास्तर चाचरत म्हणाले.

"आली. आता मागे घ्या आणि परत जागेवर लावा."

मास्तरांनी इंजिन बंद केलं. बाईंनी त्या लाल पत्र्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "भंगारात नाही टाकत. आवाज चांगला आहे. पण शेड माझी!"

सोमवारी शेडमध्ये वर्ग भरला. भगदाडाची खिडकी झाली होती आणि तिच्यातून गवतातली गाडी छान दिसत होती. मास्तर पहिल्या बाकावर. बाईंचा हुकूम.

"गाडी सुरू करण्याआधी काय बघायचं?" बाईंनी विचारलं.

"आरसा!" "सीटबेल्ट!" पोरं ओरडली.

"आणखी?"

सगळा वर्ग मास्तरांकडे वळला. मास्तरांनी हळूच हात वर केला.

"समोर भिंत आहे का ते."