मांजराची स्मरणपत्रं

"कुठे निघाली स्वारी?" निवृत्त ग्रंथपालांनी शेजारच्या चष्मेवाल्याला वसाहतीच्या फाटकातच अडवलं. त्याच्या हातातली पिशवी म्याँव करत होती.

चष्मेवाल्याने नवा सोफा घेतला होता आणि त्याच्या मांजराने तो तीन दिवसांत उसवला होता. म्हणून ते बाजारामागे सोडून यायचा बेत होता. ग्रंथपाल म्हणजे वसाहतीतल्या 'पाळलंय तर सांभाळा' मंडळाचे अध्यक्ष, सचिव आणि खरं सांगायचं तर बरेचसे सभासदही. पुस्तकं बुडवणाऱ्यांना स्मरणपत्रं पाठवून जेरीस आणण्यात त्यांची हयात गेली होती. मांजराच्या बाबतीतही हाच उपाय चालेल, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"दहा दिवस माझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "मग बघू तुला करमतंय का."

दहाच दिवस, कारण अकराव्या दिवशी ग्रंथपालांची बायको बहिणीकडून परतणार होती. जाताना तिने बजावलं होतं, "आल्यावर घरात चार पायांचं काही दिसलं, तर मी दारातूनच मागे फिरेन." ती बोलते तसंच करते, हा पस्तीस वर्षांचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी पहिला फोन गेला. "मांजर दुधाला तोंड लावेना रे!" मांजर तेव्हा ग्रंथपालांच्या ताटातला मासा संपवून मिशा पुसत होतं. चौथ्या दिवशी ते 'दाराकडे डोळे लावून' बसलं, म्हणजे बायकोच्या उशीवर घोरत पडलं. मग सकाळ-संध्याकाळ फोन सुरू झाले. चष्मेवाला नुसतं "बरं" म्हणे आणि फोन ठेवी.

नवव्या दिवशी ग्रंथपालांनी कॅलेंडर पाहिलं. बायको डोळ्यांपुढे उभी राहिली आणि त्यांना खराखुरा हुंदका फुटला. "मला बघवत नाही रे! काहीतरी कर!"

अकराव्या दिवशी सकाळी चष्मेवाला आला. हातात मांजराची वाटी आणि चादर होती.

"हे कशाला आणलंस?"

"इथेच राहू दे ना, काका." त्याने मांजर उचलायचा प्रयत्न केला, ते एका हातात मावेना. "हे तर गुबगुबीत झालंय. म्हणजे जेवत नव्हतात ते तुम्ही! मी न्यायला येतो की काय म्हणून दाराकडे डोळेही तुमचेच लागलेले. एवढी माया मला नाही जमणार. तुमची ताटातूट केली तर पाप लागेल."

"अरे, तसं नाही..." ग्रंथपाल अडखळले. खरं सांगावं तर अध्यक्षपद जातं, गप्प बसावं तर बायको जाते. ते काय घालवावं याचा विचार करत होते, तेवढ्यात बायको बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"काकू, यांना रागावू नका," चष्मेवाला गहिवरून म्हणाला. "या मांजरासाठी रोज फोन करून रडलेत बिचारे."

"रोज?"

"कधी कधी दोनदा!"

काकूंनी आत डोकावून आपल्या उशीवरचे मांजराचे केस पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिलं. "मीसुद्धा दहा दिवस घरात नव्हते. मला एक फोन नाही केलात."

चष्मेवाल्याने हळूच काढता पाय घेतला. ग्रंथपालांना फार लाज वाटली. काकू मागे फिरल्या नाहीत. त्यांनी बॅग खाली ठेवली, खुर्चीत बसून मांजराला मांडीवर घेतलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"हे राहील," त्या म्हणाल्या. "तुमचं काय करायचं, ते बघते."