पेत्रूसाचा धक्का

"ऊठ," थ्रासिवूलोस म्हणाला. "खाली चल. बेट आलं."

"अजून पुकारलंसुद्धा नाही," पोलिक्सेनी म्हणाली. तिच्या हातात गार कॉफीचा भरलेला पेला होता, आणि पिरेअस बंदर सोडल्यापासून तिला मिळालेलं ते पहिलंच सुख होतं.

"पुकारायची वाट पर्यटक बघतात."

कस्टम खात्यातून निवृत्त झाल्यापासून थ्रासिवूलोसला लोकांच्या बॅगा तपासायला मिळत नसत, म्हणून तो जगाच्या चुका तपासत असे. सकाळपासून त्याने जहाज उशिरा सुटल्याबद्दल खलाशाला, पाईत चीज कमी असल्याबद्दल उपाहारगृहवाल्याला आणि वारा सुटल्याबद्दल सरकारला झापलं होतं. त्याची स्वतःची चूक मात्र अख्ख्या संसारात एकदाही झाली नव्हती. लग्नानंतर पोलिक्सेनीने बऱ्याच इच्छा सोडून दिल्या होत्या. 'चुकलं माझं' एवढं त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं आणि मग खुशाल डोळे मिटायचे, ही एक तेवढी तिने राखून ठेवली होती.

आज तर तो जास्तच ताठ होता, कारण तो कुम्बारोस होता. लिगारिया बेटावर संध्याकाळी त्याच्या मित्राच्या मुलीचं, ग्लिकेरियाचं लग्न. वधूवरांच्या डोक्यावर मुकुट चढवायचा मान कुम्बारोसचा, आणि मुकुट आणायची जबाबदारीही त्याचीच. मुकुट नाहीत तर लग्न नाही. त्या मुकुटांची पेटी त्याने छातीशी अशी धरली होती, की जहाज बुडालं असतं तर आधी बायको गेली असती.

खाली गाड्यांच्या मजल्यावर ट्रकांची इंजिनं धडधडत होती. तिथून समुद्र दिसत नाही, बेट दिसत नाही. दिसतो तो फक्त लोखंडी दरवाजा. स्पीकरवर कोणीतरी काहीतरी बोललं, ते मेंढ्यांच्या ट्रकने गिळून टाकलं.

"अरे, यंदा आधी पेत्रूसा लागतं म्हणे," पोलिक्सेनी ओरडून म्हणाली. "तिकिटाच्या खिडकीतली बाई सांगत होती."

"ती बाई जन्मली नव्हती तेव्हापासून हे जहाज आधी लिगारियाला लागतंय!"

हे शेजारी उभ्या असलेल्या पापा-झाखारियासनी ऐकलं. ते पाद्री, नवऱ्या मुलाचे काका. लग्न लावायला पिरेअसहून निघालेले, या बेटांवर पहिल्यांदाच. त्यांच्यासोबत व्हायोलिनवाला स्ताथिस होता. इतक्या ठाम आवाजात बोलणाऱ्या माणसाच्या मागून जावं, हे पाद्रीबाबांच्या व्यवसायात बसण्यासारखंच होतं.

दरवाजा खाली पडला. "चला, चला, चला! पाय उचला!" खलाशी खेकसला. अशा लहान बेटांवर जहाज श्वास घेण्यापुरतंच टेकतं. पुढे थ्रासिवूलोस, मागे धर्म, त्यामागे संगीत आणि सगळ्यांच्या मागे दोन बॅगा ओढत पोलिक्सेनी, अशी मिरवणूक धक्क्यावर उतरली. दरवाजा वर गेला, जहाज निघालं.

धूळ बसल्यावर समोर एक पाटी दिसली.

"थ्रासिवूलोस," पोलिक्सेनी फार शांतपणे म्हणाली, "वाच."

त्याने 'पेत्रूसा' वाचलं. पाटी आपली चूक सुधारते का, हे पाहायला पुन्हा वाचलं. "या गाढवांनी बेटांचा क्रम बदललाय!"

"बेटं जागच्या जागी आहेत. आपण हललोय."

"अहो कुम्बारोस," पापा-झाखारियासचा आवाज चढला, "तुम्हीच म्हणालात ना लिगारिया?"

"पण तुम्हाला वाचता येत नाही का?"

"तुमच्या पाठीवर काही लिहिलेलं नव्हतं!"

"नवरी तिकडे, पाद्री इकडे," स्ताथिसने खांद्यावरचं व्हायोलिन खाली ठेवलं. "मी वाजवू कोणासाठी? मेंढ्यांसाठी?"

पुढचं जहाज उद्या होतं. धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात बार्बा निकितास नावाचा म्हातारा सोंगट्या खेळत बसला होता. बाहेर बांधलेली होडी त्याची.

"वारा चढलाय. उद्या," तो मान वर न करता म्हणाला.

"उद्या? मी कोण आहे माहीत आहे? आयुष्यभर कस्टममध्ये होतो मी!"

"मग परवा," बार्बा निकितास म्हणाला आणि त्याने फासे टाकले.

इथे पोलिक्सेनीचा बांध फुटला. "तिकिटाची बाई मूर्ख! खलाशी मूर्ख! आता हा म्हातारा मूर्ख! घराचा नळ तू उलटा बसवलास, तर म्हणे पाणी चुकीच्या बाजूने येतंय! तिकडे ती पोर पांढरा झगा घालून बसली असेल, आणि तू इथे पाटीशी भांडतोयस? आज ऐकल्याशिवाय मी हलणार नाही. म्हण! या पाद्रीबाबांसमोर म्हण, 'चुकलं माझं'!"

"कबुली ऐकायला मी केव्हाही तयार आहे," पापा-झाखारियास म्हणाले. ते अजून धुमसत होते.

फासे थांबले. थ्रासिवूलोसने पेटीकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. ओठ हलले. पोलिक्सेनीने श्वास रोखला.

"हे बघ, पोलिक्सेनी... चु..."

त्याच्या खिशातला फोन वाजला.

"काका!" ग्लिकेरियाचा हंबरडा साऱ्या दुकानाला ऐकू गेला. "जहाज गेलं! वाऱ्यामुळे धक्क्याला लागताच येईना, तसंच पुढच्या बेटाला गेलं! सासूबाई गेल्या, मावश्या गेल्या, साखरबदाम गेले! मुकुटही गेले ना? तुम्ही जहाजावरच आहात ना?"

थ्रासिवूलोसने उघडलेलं तोंड मिटलं. चेहऱ्याला रंग आला, मानेला ताठपणा आला.

"मी?" तो म्हणाला. "जहाजावर थांबायला मी काय वेडा आहे? वारा बघितला आणि पेत्रूसालाच उतरलो. मुद्दाम. पाद्री आणि व्हायोलिन सोबत घेऊन!"

पापा-झाखारियासनी छातीवर क्रूसाची खूण केली. मुद्दाम उतरलेल्यांत आता त्यांचीही गणना होत होती.

"रडतंय कोण? ग्लिकेरिया?" बार्बा निकितास उठला. "माझ्या बायकोच्या मामेबहिणीची नात ती. आधी सांगायला काय झालं होतं? लिगारियाच्या मागच्या अंगाला वारा लागत नाही. चढा. तो कस्टमवाला मधे बसू दे, कडेला बसला तर मला मोह होईल."

पाचही जण निथळत लिगारियाला पोचले. नवरीच्या बापाने थ्रासिवूलोसच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. चर्चच्या दारापर्यंत थ्रासिवूलोसने ती हकिगत तीनदा सांगितली. तिसऱ्या वेळी त्याने जहाजाच्या कप्तानालाही इशारा दिला होता. "नशीबवान आहेस गं," बायका पोलिक्सेनीला म्हणाल्या, आणि तिच्या भिजलेल्या चपलांच्या जागी एकीने आपले उंच टाचांचे बूट दिले.

लग्न लागलं. भजन म्हणणारा जहाजाबरोबर पुढे गेल्यामुळे बायबलमधलं पवित्र पत्रही पापा-झाखारियासनाच वाचावं लागलं. त्यात शेवटी एक वाक्य येतं, की पत्नीने पतीची भीती बाळगावी. ते येताच नवरीने नवऱ्याच्या पायावर पाय आपटायचा आणि घरात कोणाचं चालणार ते देवासमोर ठरवून टाकायचं, अशी रीत. सारं चर्च माना उंचावून तयार होतं.

वधूवरांच्या मागे कुम्बारोस आणि त्याची बायको. थ्रासिवूलोस हळूच तिच्याकडे झुकला. "बघितलंस? बरं झालं ना माझं ऐकलंस ते?"

"...आणि पत्नीने पतीची भीती बाळगावी," पापा-झाखारियासनी वाचलं.

नवरी लाजली. तिने पाय नुसता टेकवला. नवरा हसत उभा राहिला. किंकाळी आली ती मागून.

"आई गं! मेलो!"

पापा-झाखारियासनी पुस्तकावरून डोळे उचलले नाहीत. त्यांनी घसा साफ केला आणि ते वाक्य पुन्हा एकदा, सावकाश वाचलं.