काकाजींच्या अंगणातली आमची माती

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, ती सुटलीच. वाचणाऱ्यानं चुका पोटात घालाव्यात. पण ज्या माणसानं आमची वाहून गेलेली माती आम्हाला घमेल्यानं मोजून परत केली, त्याच्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून ही वही घेतली.

नागपुरात प्रताप नगरच्या पुढे तेव्हा नुसते प्लॉट पाडलेले होते. रस्ता नाही, नाली नाही. आमचा प्लॉट चढावर, काकाजींचा आमच्या खाली. पावसाळ्यात वरचं सगळं पाणी आमच्या घराच्या मागच्या कोपऱ्याला वळसा घालून काकाजींच्या अंगणात उतरायचं, आणि जाताना आमची माती घेऊन जायचं. दसरा झाला, अंगणं वाळली, की एक दिवस दुपारी चार वाजता फाटकाशी हाक यायची, "सूनबाई, तुमची माती आली."

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात माती. पहिल्या वर्षी मला वाटलं, हा माणूस भांडायला आला. मी दाराआड झाले आणि सासूबाईंना पुढे केलं.

"काय झालं जी?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तुमची माती माह्याकडे आली होती. परत आणून राहिलो."

"मातीचं काय एवढं? ठेवा तुम्हालेच."

"कशी ठेवू? प्लॉट तुमचा, हप्ते तुम्ही भरून राहिले. माह्या अंगणात येऊन बसली म्हणून माही होते काय?"

माती ओतली, कोळशानं आमच्या भिंतीवर एक रेघ ओढली आणि ओट्यावर बसले. सासूबाईंनी मला चहा ठेवायला सांगितला.

काकाजी रिटायर झालेले होते. सगळी नोकरी कन्हान नदीच्या काठावरच्या एका खोलीत गेली. रोज सकाळी नदीच्या पाण्याची बाटली भरायची, ती हलवायची नाही, तळाशी बसलेला गाळ वाळवून तोलायचा आणि वर कळवायचं की आज नदीतून इतकी माती गेली. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाचं जे होईल ते त्यांचं झालं होतं. कोणतीही पातळ वस्तू समोर आली की ते म्हणायचे, "बसू द्या." पाण्याचा पेला उजेडाकडे धरून बघायचे. चहाची पत्ती तळाशी जाईपर्यंत कपाला हात लावायचे नाहीत. तोवर चहा गार व्हायचा. तो ते आवडीनं प्यायचे.

माझ्या नणंदेच्या लग्नात पाण्याचे ड्रम सांभाळायचं काम दिलं, म्हणून काकाजी आले. पंगतीला बसले. वाढप्यानं वरण वाढलं तशी त्यांनी त्याचा हात धरला. "वरून वरून काहून देऊन राहिला गा? डाळ जड असते, खाली बसते. तळापासून हलव." वाढप्यानं तळापासून हलवलं. त्या ओळीतली माणसं अजून त्या वरणाची आठवण काढतात. मागच्या ओळीला मात्र नुसतं पाणी पुरलं, आणि ती ओळ नेमकी नवऱ्या मुलाकडची होती.

खिडकीत त्यांच्या बाटल्यांची रांग असायची. कोणी गावाला निघालं की ते सांगायचे, "प्रसाद नको, तिथल्या नदीचं पाणी आणा. गढूळ पाहून आणा." पलीकडच्या एका बाईंनी काशीहून गंगा आणली. त्यांनी घरोघरी चमचा चमचा दिली, काकाजींनी बाटलीभर मागून घेतली. आठ दिवसांनी बाटली आम्हाला दाखवायला आणली. तळाशी बोटभर राखाडी गाळ.

"हा पाहा. हिमालय."

सासूबाईंनी बाटली डोळ्यांजवळ नेली. "एवढासा?"

"बाकीचा रस्त्यात हाय. निघाला तो बंगालकडे. तिथं समुद्रात नवी जमीन होऊन राहिली त्याची. ओली असतानाच लोक भांडते तिच्यासाठी."

सासूबाई कधी नागपूरच्या बाहेर फार गेल्या नाहीत. त्यांनी हिमालय पाहिला तो सरबताच्या बाटलीत.

जगातली अशी पुष्कळ माहिती काकाजींकडे होती. नदीवर येणाऱ्या इंजिनीअर साहेबांकडून ती त्यांच्याकडे आली होती, आणि चहा निवेपर्यंत ती आमच्याकडे यायची. अमेरिकेत एका नदीनं डोंगर इतका खोल कापला आहे म्हणे की वरून पाहिलं तर नदी सुतळीसारखी दिसते. राजस्थानात वारा वाळूचे ढीग उचलून पुढच्या गावी ठेवतो. चीनमध्ये एका नदीनं इतका गाळ टाकला की तिचं पात्रच उंच झालं, आणि ती आता लोकांच्या घरांच्या वरून वाहते.

"मंग तिथल्या बाया धुणं धुवाले वर चढत असतीन," सासूबाई म्हणाल्या.

काकाजींनी विचार केला. "साहेबाले विचारलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांना ते मनापासून लागलं असं दिसलं.

सगळ्या गोष्टींचा शेवट एकच असायचा. "माती कुठं जात नाही, बाई. पत्ता बदलते."

वर्षाला बारा-पंधरा घमेली व्हायची. पण काकाजी दिवसाला एकच आणायचे. आमचे हे खापरखेड्याला पावर हाऊसमध्ये कामाला, आठवड्याच्या सुटीला घरी यायचे. ते एकदा म्हणाले, "काकाजी, ढकलगाडी आणून देतो. एका खेपेत होऊन जाईन."

"नदी कधी ढकलगाडीनं आणते काय गा?" काकाजी म्हणाले. विषय संपला.

एरवी ते कोणाकडे जात नसत. काकू फार आधी गेल्या होत्या. मुलगा भिलाईला, त्याचं महिन्याला एक पोस्टकार्ड. बुद्धपौर्णिमेला सासूबाईंनी त्यांना खिरीला बोलावलं, तर फाटकातून विचारलं, "काम काय होतं?"

"खीर खाणं हेच काम."

"ते काम नव्हे. बिनकामाचं कोणाच्या घरात बसू नये." मग खीर वाटीतून पाठवली. वाटी धुऊन परत आली.

मी त्यांच्याशी कधी धड बोलले नाही. कप ठेवायचा, पदर सारखा करायचा, आत यायचं. पण आत येऊन ऐकायची सगळं.

चौथ्या वर्षी काकाजी पावसाळा चालू असतानाच आले, तेही सकाळी. डोक्यावर घमेलं नव्हतं. हातात ताट होतं, आणि ताटात पाटवडी कापावी तशी गाळाची एक वडी कापून आणली होती. हे त्या दिवशी घरी होते.

"बाबू, हे पाहा गा. खाली काळी माती, हे तुमचं अंगण. आधी गेलं म्हणून खाली बसलं. त्याच्यावर पिवळा मुरूम. अन् सगळ्यात वर हे पांढरे खडे. हा चुना हाय."

"मंग?"

"अंगणात चुना कोठून आला? तुमचा पाया येऊन राहिला माह्याकडे."

हे हसले. "काकाजी, तुम्हाले आता ताटातही नदी दिसते."

काकाजींनी दाराशी उभी असलेली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलली, घराच्या मागच्या कोपऱ्याला गेले, गवत बाजूला केलं आणि सब्बल भिंतीखाली घातली. ती कुठंच अडली नाही. पार मुठीपर्यंत आत गेली. ह्यांचं हसणं थांबलं. त्या भिंतीच्या आतल्या बाजूला सासूबाईंची खाट होती, आणि सासूबाई तिच्यावर पडल्या होत्या.

"आई, उठा," काकाजी खिडकीतून म्हणाले. "खाट हलवा. आत्ता."

सासूबाईंना वाटलं, घरात साप निघाला. त्या उठल्या, आणि खाट हलवल्यावर साप कुठं आहे म्हणून रागावल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या कोपऱ्यातल्या विटा आत कोसळल्या. टोपलीभरच होत्या, पण जिथं उशी असायची तिथं पडल्या. त्यानंतर सासूबाईंनी सापाचं नाव काढलं नाही.

ह्यांनी रजा टाकली. पाया दगड-चुन्यानं भरला, भिंत सांधली. मग काकाजींनी वळण हाती घेतलं. "पाणी वळते तेव्हा बाहेरच्या काठाले खाते अन् आतल्या काठाले चारते," त्यांनी काठीनं चिखलात काढून दाखवलं. "तुमचं घर बाहेरच्या काठाले. जगातली कोणतीही नदी पाहा, असंच." पाण्याचा वळसा त्यांनी घरापासून वीस पावलं लांब नेला, काठाला दगड रचले आणि दगडांत बेशरमाच्या झुडपाच्या काड्या खोवल्या, त्या कुठंही रुजतात.

"माह्या दाराशी बेशरम लावून राहिले काय?" सासूबाई म्हणाल्या.

"तेच तर टिकते, आई. लाजाळू लावलं तर एका पुरात जाईन."

पुढच्या वर्षी पाऊस धो धो झाला. पाणी वळणावर आलं, दगडांवर आपटलं, माती आमच्याच अंगणात टाकली आणि रिकाम्या हातानं खाली गेलं. घराला ओलसुद्धा आली नाही.

दसरा झाला. चार वाजता फाटकाशी काकाजी उभे. हातात घमेलं, रिकामं.

"यंदा काही आलं नाही," ते म्हणाले. "बरं झालं."

"या ना, चहा ठेवला हाय," सासूबाई म्हणाल्या.

"नाही, काम नव्हतं. सांगाले आलो फक्त." ऊन होतं. त्यांनी घमेलं टोपीसारखं डोक्यावर पालथं घातलं आणि उतारानं खाली गेले. मी ओतलेला कप ओट्यावर तसाच राहिला. पत्ती तळाशी बसली, वर साय धरली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी पुन्हा चहाचं भांडं चढवलं आणि मग उतरवून ठेवलं. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. माती कुठून येते आणि कुठं जाते, हे ज्याला एवढं कळत होतं, त्याला ते वळण बांधताना आपलं येणंही बंद होईल हे कळलं नसेल, असं मला वाटत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी काकाजी दुधाला गेले, तेव्हा मी आमच्या अंगणातली दोन घमेली माती नेऊन त्यांच्या अंगणात ओतली. हातानं पसरली आणि वर तांब्याभर पाणी शिंपडलं. परत येताना चोरी केल्यासारखी मागं वळून वळून बघत आले.

चार वाजता हाक आली. "सूनबाई, तुमची माती आली."

काकाजींनी माती ओतली, रेघ ओढली, ओट्यावर बसले. मी कप ठेवला. ते कपाकडे बघत बसले आणि मग सासूबाईंना म्हणाले, "यंदाच्या पुराले काही समजत नव्हतं, आई. पाणी आधी खडे टाकते, बारीक माती वर बसते. ह्यानं खडे वर ठेवले अन् बारीक खाली."

मी दाराआड उभी होते.

सासूबाई सुपारी कातरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पूरच तो," त्या म्हणाल्या. "चौथीपर्यंत शिकला असन."

काकाजी "हं" म्हणाले. चहा गार झाल्यावर प्यायले. त्या दिवशी चीनच्या नदीची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली, आणि ती आधी सांगितली होती असं कोणी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेलं घमेलं आणलं. भिंतीवर दुसरी रेघ ओढली आणि हात झटकले. "फिटली सगळी. आता माह्याकडे तुमची चिमूटभर नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दुधाला गेल्यावर मी पुन्हा घमेलं भरलं. या खेपेला खडे आधी टाकले.