शिवलीलाबाईंनी नादखान सर केला त्याची हकीकत

श्री सिद्धरामेश्वर समर्थ. वडिलधाऱ्यांनी पुसले की, त्या सायंकाळी गच्चीवर नेमके काय जाहले. कोणी म्हणतो स्पीकर बिघडला, कोणी म्हणतो पोरगी बिघडली, तरी खरे वर्तमान काय ते ल्याहावे. त्यावरून घडले तैसे, पदरचे थोडेच घालोन, लिहिले असे.

सोलापूर शहरी, जुळे सोलापूर परगण्यात, मालदांडी अपार्टमेंट म्हणोन एक चौमजली किल्ला आहे. पूर्वी तेथे मालदांडी जातीच्या शाळू ज्वारीचे रान होते, मग ज्वारी गेली आणि फ्लॅट उगवले आणि नाव तेवढे मागे राहिले. त्या किल्ल्यात दुसऱ्या माळ्यावर शिवलीलाबाई, इयत्ता नववी, तुकडी ब, राहात होत्या. बाईंची मागील वर्षी मोठी बेअब्रू जाहली होती. सोसायटीच्या वार्षिक जलशात गच्चीवर नाचावयास उभ्या राहिल्या, आणि गाणे मध्येच अडखळले, आणि तमाम रयत हसली, आणि बाईंनी जो पळ काढिला तो थेट घरच्या बाथरूमात शिरोन कडी लाविली. तेव्हांपासोन तिसऱ्या माळ्यावरचे बार्शीकर ऋतुराज, इयत्ता दहावी, जिन्यात गाठ पडताच "काय पळपुटे, यंदा पळायचे बूट घालून नाचणार का?" ऐसे पुसत आणि बाई मान खाली घालोन जात.

परंतु वर्षभरात बाईंचे तेज वाढले. वक्तृत्वात नंबर आला, कपाळावरचे केस आपल्या हाते कापिले, ते वाकडे कापिले गेले तरी खंत म्हणोन केली नाही. आणि यंदाच्या मीटिंगीत कोणी न पुसता उठोन फर्मान सोडिले की, "मी एकटीच नाचणार. अख्खं गाणं. पळाले तर वर्षभर ऋतुराजची सायकल मी पुसेन." हे ऐकोन मातोश्री भुवनेश्वरीबाईंच्या हातचा चहा बशीत आला. इभ्रत अशी पणास लागली.

आता नादखानाची कैफियत. सोसायटीने एक काळा, नळकांड्यासारखा स्पीकर खरीदला होता. त्यास वायर नाही, शेपूट नाही. फोनाने ब्लूटूथ विद्येने दुरोन हुकूम द्यावा आणि त्याने गर्जावे, ऐसा मातबर सरदार, म्हणोन रयत त्यास नादखान म्हणे. परंतु सरदार मातबर तरी इमान पातळ. एका वेळी एकाच धन्याचे ऐके, आणि ज्या ज्या फोनाशी एकवार सोयरीक जाहली ते सारे मनी धरोन ठेवी, आणि जागा होताच जो आधी हाक देईल त्याच्या गळ्यात पडे.

आणि सोयरिका तरी किती! कोणाचे बारसे, कोणाचे डोहाळजेवण, कोणाची एकसष्टी, नादखान घरोघर उसना जाई. आणि उसने भांडे रिकामे परत करू नये हा आपला वडिलोपार्जित दस्तूर. तो बायांनी स्पीकरासही लागू केला. मग नादखान स्टीलच्या डब्यात बसोन परते, आणि संगे कोणी कडक भाकरी, कोणी धपाटे, कोणी शेंगाचटणीची पुडी घाली. ऐशात एक पुडी सुटली आणि चटणी नादखानाच्या चार्जिंगच्या भोकात शिरली, आणि सरदार उपाशी मरो लागला. तेव्हां सेक्रेटरी आदिनाथराव, जे इंजिनियर म्हणोन रिटायर जाहले, त्यांनी टाचणीने चटणी उकरोन काढिली, जिभेवर ठेविली, आणि "मीठ कमी आहे" ऐसा तांत्रिक अहवाल दिला.

जलशाच्या दिवशी दुपार कलताच शिवलीलाबाई तालमीस गच्चीवर दाखल जाहल्या. बाईंस स्वतःचा फोन नाही, तो दहावीनंतर, ऐसा घरचा करार. सबब मातोश्रींचा फोन हाती होता. आदिनाथराव शिडीवर चढोन दिव्यांच्या माळा बांधीत होते, आणि ऋतुराजच्या मातोश्री वैजयंतीकाकू खुर्च्या मांडावयास येवोन त्यांतील एका खुर्चीवर बसोन राहिल्या होत्या. बाईंनी नादखान जागा केला, त्याने "टिंग" ऐसे म्हटले, बाईंनी कमरेवर हात ठेविला, पाय उचलिला, आणि नादखान गर्जला, "आता तेल तापलं की यात मोहरी घाला!"

बाई एका पायावर तशाच उभ्या. तिकडे वैजयंतीकाकू फोन हलवीत म्हणाल्या, "अगंबाई, मी म्हणते माझ्या फोनचा आवाज गेला कुठं! दोनदा आपटला की मी त्याला." मग काकूंच्या फोनातील ब्लूटूथ बंद करविले, आणि काकूंस दिलदिलासा दिला, आणि नादखानास निजवोन पुन्हा उठविले. टिंग. बाईंनी पाय उचलिला.

"हॅलो! मडिवाळा! ऐकू यायलंय का?"

हा आवाज कुंभारी गावच्या गुरम्माआज्जींचा. आज्जी म्हणजे चौथ्या माळ्यावरचे मडिवाळप्पा अज्जा, त्यांची वडील बहीण. अज्जांचे दार गच्चीच्या जिन्याशी लागोन, त्यामुळे त्यांच्या फोनाने नादखानास अलगद गाठिले होते. इतक्यात अज्जा फोन कानास लावोन जिना चढत वर आले आणि ओरडो लागले, "गुरम्मा, मोठ्यानं बोल! काय बी ऐकू येईना!"

"आणि किती वरडू?" नादखान गरजला. "आता काय अख्ख्या सोलापूरला ऐकवू व्हय? बरं, त्यो तुमचा सेक्रेटरी, ज्याला तू बिनकामाचा बैल म्हणतोस, त्यानं पाण्याचं काय केलं की नाय?"

शिडीवर आदिनाथरावांच्या हातची माळ सुटोन गळ्यात पडली. वैजयंतीकाकूंनी पदर तोंडास लाविला. बाईंनी झेप घालोन नादखानाचा गळा, म्हणजे बटण, दाबिला.

मग मसलत बैसली. बाईंनी अज्जांस अर्ज केला की, तेवढे ब्लूटूथ बंद करावे. अज्जांनी साफ नाकारिले. कारण ऐसे की, अज्जांस कानास कमी येते, आणि नातू बसू बेंगळुरास चाकरीस असतो, त्याने बिनवायरीची कानातली जोडी पाठविली, तीही याच विद्येवर चालते. ती घातली तरच फोनवर पोराचे बोल कळतात, आणि ती आत्ता डबीत चार्जिंगला निजली म्हणोन फोन नादखानाच्या नादी लागला.

"सात वाजता बसूचा फोन येतोय," अज्जा म्हणाले. "ते बंद केलं तर पोराचा आवाज कसा ऐकू गं मी? आठवड्यातनं एकदा करतोय."

आदिनाथराव शिडी उतरोन आले. गळ्यातील माळ तशीच लुकलुकत होती. त्यांनी तोड सुचविली की, ब्लूटूथाचा मुलूख तो केवढा, तीसेक फूट, आणि मध्ये भिंत आली की तेवढाही नाही. तरी मडिवाळप्पांस खाली गेटापाशी खुर्ची टाकोन बसवावे.

"मग पोरीचा नाच कोण बघंल? बैल?" अज्जांनी पुसले.

बाई अज्जांचा फोन घेवोन कठड्याशी बसल्या. अज्जांस गेटावर धाडावे तर सात वाजता ते एकटेच, आणि न धाडावे तर ऐन नाचात बसू नादखानातोन बोलणार आणि सायकल आपणच पुसणार. मग सेटिंगांच्या अरण्यात शिरोन, एक दार उघडी, दुसरे लावी, ऐसे करीत बाई त्या जागी पोहोंचल्या जेथे साऱ्या सोयरिका मांडिल्या होत्या. तेथे कानातल्या जोडीचे नाव निराळे आणि नादखानाचे निराळे, आणि नादखानाखाली लिहिले होते, 'हे उपकरण विसरा'.

बाईंनी अज्जांस तह समजाविला की, तुमच्या फोनाने नादखानास विसरावे, कानातल्यांस स्मरावे, ब्लूटूथ चालू ते चालूच.

"विसरू दे की," अज्जा म्हणाले. "माझं बी तसंच चाललंय."

सायंकाळ जाहली आणि रयत गच्चीवर लोटली. मातोश्रींचा फोन मातोश्रींच्या कमरेस खोचला होता, बाईंनी गाणे लावोन दिले आणि मैदानात उतरल्या. गाणे सुरू जाहले आणि बाई ऐशा नाचो लागल्या की पहिल्या रांगेतील बाळेही रडावयाची थांबली. आणि ऐन रंगात मातोश्रींस आठवले की खाली गॅसवर आमटी आहे. मग मातोश्री पदर खोचोन जिना उतरल्या, आणि कमरेचा फोन संगे गेला, आणि एक माळा गेला, दुसरा गेला, आणि नादखानाचा श्वास तुटो लागला. गाण्याचे तुकडे पडले. मग तेही नाहीत.

रयत हसली. ऋतुराज मागील रांगेत उभे राहोन म्हणाले, "सायकल वर आणू का गं, की खाली येतेस?"

जिन्याचे दार समोरच उघडे होते, आणि बाईंचा पाय त्या दिशेस वळलाही होता. मागील वर्षी ऐसेच जाहले होते. परंतु बाईंनी तो पाय जमिनीवर आपटिला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवोन ऐशी आरोळी ठोकिली की शेजारच्या बिल्डिंगीतील लोक बाल्कनीत आले.

"आई! फोन घेऊन वर ये!"

खालोन जबाब आला, "अगं, आमटी उतू जाईल!"

"जाऊ दे! इथं गाणं गेलंय!"

रयत पुन्हा हसली, आणि या खेपेस बाईही हसल्या, पोट धरोन. मग मातोश्री हाती पळी घेवोन धापा टाकीत वर आल्या. बाईंनी फोन जप्त केला, नादखानाशेजारी खुर्चीवर बैसविला, आणि हुकूम केला की, "आता याला कुणी हात लावायचा नाही. आणि गाणं पहिल्यापासून!"

गाणे पहिल्यापासोन सुरू जाहले. तोच सात वाजले, आणि अज्जांच्या कानात बसूची हाक आली, ती फक्त अज्जांसच ऐकू आली. अज्जा मोठ्याने म्हणाले, "बसू, ठेव रे फोन. नंतर कर. हितं शिवलीला नाचायलीय!"

बाई अख्खे गाणे नाचल्या. दोनदा चुकल्या, आणि चुकले तेथे आणीक एक गिरकी मारिली, म्हणोन चूक कोणास कळली नाही. गाणे सरले तेव्हां आदिनाथरावांनी शिटी मारिली, ती त्यांस येते हे किल्ल्यात कोणास ठाऊक नव्हते. ऋतुराज टाळी वाजवीत नव्हते, परंतु बसावयाचे विसरले होते.

येणेप्रमाणे मालदांडीची मोहीम फत्ते जाहली. कामी आली ती एक आमटी. जखमी, मातोश्रींचा उजवा गुडघा. जिन्याचे दार जलसा संपेतो सताड उघडे होते, आणि त्यातोन कोणी पळाले नाही, हे साक्षीनिशी नमूद केले असे.