दादांच्या गाडीचं सुतक

मंगळवारी सकाळी आमची गाडी सुरू झाली नाही, कारण तिला सुतक लागलं होतं.

हे मला नंतर कळलं. आधी मी अर्धा तास चावी फिरवत तिला यथेच्छ शिव्या घातल्या. मी तापट माणूस आहे, सगळ्या मिरजेला ठाऊक आहे. त्यात त्या दिवशी मला कराडला जायचं होतं, दादांकडे. दादा म्हणजे माझे सख्खे थोरले भाऊ. सहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. त्यांच्या मुलाच्या, निरंजनच्या लग्नपत्रिकेत माझं नाव छापायचं राहिलं, म्हणून मी लग्नाला गेलो नाही. एवढंच कारण. गुरुवारी शेजारचे बेडेकर कराडहून आले आणि म्हणाले, दादा अंथरुणाला खिळलेत, तुमची आठवण काढतात. मी लगेच निघायला हवं होतं. शुक्रवारी पाहुणे आले. शनिवारी अमावास्या. रविवारी मी नुसताच बसून राहिलो, खोटं कशाला बोलू. सोमवारी केस कापून घेतले.

मंगळवारी कुमुदने, म्हणजे माझ्या बायकोने, दादांच्या आवडीच्या खोबऱ्याच्या वड्या डब्यात भरल्या, आणि गाडी ढिम्म.

"सिकंदरला बोलवा," ती म्हणाली. "इंजिनाला शिव्या कळत नाहीत."

सिकंदर मुजावर हा आमचा मेकॅनिक. त्याने बॅटरी तपासली, भरलेली होती. प्लग काढले, ठिणगी चांगली पडत होती. पेट्रोल होतं. मग त्याने हॉर्न दाबला. वाजला नाही. वायपर लावला, तो फिरला. त्याने फडक्याने हात पुसले आणि आवाज खाली आणला.

"काका, गाडीला सुतक आहे. दहा दिवसांचं."

"दहाच कशावरून?" मी विचारलं. "लांबच्या नात्यातलं असेल. तीन दिवसांत फिटेल."

"तीन दिवसांच्यात हॉर्न वाजतो. दहाच्यात हॉर्न बंद, इंजिन बंद. वायपर तेवढा चालतो, आंघोळीपुरता. आमच्यात सुतक नसतं, पण या धंद्यात गाड्यांचं बघावं लागतं. तो गणपती काढून ठेवा आधी. तुम्हीच काढा, मी हात लावत नाही."

मी डॅशबोर्डवरचा गणपती काढून कुमुदच्या हातात दिला. मला त्या माणसाचा विलक्षण राग आला होता.

"अरे, आमच्या घरात कुणी गेलेलं नाही! आम्ही दोघं तुझ्यासमोर उभे आहोत. मुलगी पुण्यात, तिचा सकाळीच फोन येऊन गेला. हिला कुणाचं सुतक लागणार? तू स्टार्टर बघ."

"स्टार्टर बघितला." त्याने वाकून गाडीतलं घड्याळ पाहिलं. "काल सव्वाचारला बंद पडलंय. म्हणजे काल सव्वाचारला गेले." मग तो जरा घुटमळला. "काका, ही गाडी पहिली कुणाची?"

कुमुदने तोंडाला पदर लावला. गाडी दादांची होती. नवी कोरी त्यांनी घेतली, नऊ वर्षं पोटच्या पोरीसारखी सांभाळली. डोळे अधू झाले तेव्हा मला देऊन टाकली. म्हणाले, "अच्युत, हिला उन्हात उभी करू नकोस." लग्नपत्रिका त्यानंतरची.

काल सव्वाचारला मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो. कानावरचे केस नीट काप, असं त्याला दोनदा बजावत होतो, कारण दादांना मी व्यवस्थित दिसायला हवा होतो.

सिकंदरने आणि मी गाडी ढकलून तिचं तोंड दक्षिणेला केलं. तसा तिचा डावा दिवा आपोआप लागला. "हा विझू द्यायचा नाही," तो म्हणाला. "बॅटरीला चार्जर लावून ठेवतो." मजुरी विचारली तर त्याने हात जोडले आणि निघून गेला.

मी कराडला फोन लावला. निरंजनने उचलला.

"निरंजन, दादा गेले?"

"हो काका. काल. सव्वाचारला."

"अरे, मला कळवायचं नाही?"

"घरच्या सगळ्यांना कळवलं," तो शांतपणे म्हणाला. "गाडीलाही कळवलं. बाबांनीच सांगून ठेवलं होतं."

"आणि मी रे?"

तिकडे बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. कुणीतरी भांडी हलवत होतं.

"तुमचं त्यांनी काही सांगितलं नव्हतं. गुरुवारपासून दाराकडे बघायचे तेवढं. रविवारी म्हणाले, आता दार लावून घ्या."

मला धड रडताही येईना. मी म्हणालो, एसटीने येतो, आत्ता निघतो, दहाव्याला तरी घाटावर उभा राहतो, सख्खा भाऊ आहे मी, मलाही दहा दिवसांचं सुतक आहे.

"कशाला दगदग करता, काका," निरंजन म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "तुम्ही नाही पाळलंत तरी चालेल. तुमच्या घरातून गाडी पाळते आहे. तेवढं पुरे."

वड्यांचा डबा कुमुदने तसाच फडताळात ठेवला. दहाव्यापर्यंत मी रोज सकाळी गाडीत जाऊन बसत होतो, दादांच्या जागेवर नाही, शेजारच्या सीटवर. दुपारी ऊन यायचं तेव्हा वर चादर बांधत होतो. दिवा विझू दिला नाही.

अकराव्या दिवशी पहिल्या चावीला गाडी सुरू झाली. मला कुठेच जायचं नव्हतं.