एक काडी ठेवू नका

सोसायटीच्या दारातल्या खड्ड्यावर कोबा करायचा नाही, तिथं पाणी जिरवणारी देशी झाडांची बाग करायची, असं निषादनं मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, मृण्मयीनं कपाळाला हात लावला. दोघं तळमजल्यावर राहायची (स्वस्तात मिळाला म्हणून). त्या जुलैत पाणी दोनदा उंबऱ्याला शिवून गेलं होतं. कोबा झाला असता तर ते थेट तिच्या नव्या सोफ्याखाली आलं असतं, हे खरं; पण बाग करणार होता निषाद. कमिटीनं पंधरा दिवस दिले.

हिंजवडीत दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारा हा गडी, स्वतःची चूक त्याला कशी दिसणार? पहिल्याच रविवारी त्यानं तुळजाबाईंना खड्ड्यात माजलेलं रान खुरपायला बोलावलं. सोसायटी उभी होती ती जमीन पूर्वी त्यांचीच.

"हितं आमचं भाताचं खाचर व्हतं," त्या म्हणाल्या. "पानी सवयीनं येतंय. त्याला काय ठावं तुमी फ्लॅट घेतलाय? समदंच काढू?"

"एक काडी ठेवू नका."

त्यांनी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

मग त्यानं इंटरनेटवरून यादी काढली. सगळी नावं लॅटिन, चित्रं रंगीत (ऑफिसच्या प्रिंटरवर). पौडपर्यंतच्या सगळ्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. नर्सरीवाले गुलाब दाखवायचे, हा लॅटिन बोलायचा. एकानं तर हातच जोडले. इकडे बोडक्या खड्ड्याचं तळं झालं, पाणी उंबरा ओलांडून आत आलं आणि सोफा विटांवर चढला. मृण्मयी त्यावर पाय लोंबकळवत बसायची आणि निषादशी बोलायची नाही. तरी गडी हटला नाही.

तेराव्या दिवशी तो कागद घेऊन तुळजाबाईंच्या दारात उभा राहिला. त्यांनी एकेका चित्रावर बोट ठेवलं.

"ह्यो तेरडा. ह्यो लव्हाळा. हे रानआळू. तुमीच काढाया लावलं न्हवं?"

"टाकलं कुठं?" निषादनं विचारलं.

तुळजाबाईंनी गोठ्यामागचा खळगा दाखवला. फेकलेल्या ढिगानं तिथं मूळ धरलं होतं, तेरड्याला कळ्या आल्या होत्या आणि इतक्या पावसात पाणी मात्र कुठं साचलं नव्हतं. निषादला अक्षरशः रडू आलं.

चार पाट्या भरून झाडं परत आली. तुळजाबाईंनीच ती लावली. पुढच्या पावसात पाणी दारात घटकाभर टेकलं आणि मुकाट जिरलं. कमिटीनं टाळ्या वाजवल्या आणि एकमतानं ठराव केला: बाग तुळजाबाईंनी सांभाळावी, निषादनं तिला हात लावू नये.

सूचक म्हणून सही मृण्मयीची होती.